होळीवरचं बाकडं

आकाराम सुताराच्या रंध्याखालून गेलेल्या फळीवर माशी बसत नाही. बसायला येते, पण पाय टेकले की घसरते. एकदा दोन माश्या एकमेकींना धरून उभ्या राहायला बघत होत्या. मी चहा पिता पिता अर्धा तास ते पाहिलंय. शेवटी दोघी कंटाळल्या आणि माझ्या कपावर आल्या. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं आमच्या वाडीला यावं. कडेगावपासून आठ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि ऊस संपला की डाव्या हाताला पत्र्याची शेड. आत वाकून रंधा मारणारा आकाराम, आणि बाहेर पायरीवर बसून त्याला सूचना देणारा मी, नानासो. गेली चाळीस वर्षं आमची ही वाटणी ठरलेली आहे.

आकारामला जुन्या लाकडाची भूक. कुणाची बैलगाडी मोडली, कुणाची तिफण गोठ्यामागं पडली, कुणाचं जू माळ्यावर गेलं, की दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. मयताला उशिरा जाईल, पण गाडी मोडली म्हटल्यावर चहालासुद्धा थांबायचा नाही. आणायचा, आणि त्या लाकडाला पुन्हा नवरदेव करून सोडायचा. भोक दिसलं की बुजवायचा, चीर दिसली की सरस आणि भुसा भरायचा, आणि मग रंधा. त्याचं म्हणणं असं, की लाकडाला भोक ठेवणं म्हणजे जेवायला बसवून पाहुण्याला अर्ध्यातनं उठवणं.

अशा माणसाकडे सांगलीचे जिनपालशेठ आले.

शेठची कृष्णाकाठाला शेती. तिथं त्यांनी झोपड्या बांधल्या आहेत, आणि पुण्यामुंबईची माणसं पैसे देऊन त्यात राहायला येतात. सकाळी उठून गोठा बघतात, हुरडा खातात, शेणाचा वास घेऊन डोळे मिटतात. त्या माणसांना बसायला काहीतरी जुन्या लाकडाचं पाहिजे होतं. शेठनी मोबाईल पुढं केला.

"मिस्त्री, असलं पायजे."

आकारामनं फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे दुरुस्त करायचंय व्हय?"

"दुरुस्त न्हाई. असंच पायजे. ह्याला रस्टिक म्हणत्यात."

"म्हंजे मोडकं."

"मोडकं न्हाई, मोडक्यागत. खिळ्यांची भोकं दिसली पायजेत, चिरा दिसल्या पायजेत. बघणाऱ्याला वाटलं पायजे की हे आत्ता आत्ता कुठल्यातरी उकिरड्यातनं काढलंय. आणि एक आधीच सांगतो, कीड लागलेलं लाकूड नको. आमच्यात जीव मारत न्हाईत. घरात आणल्यावर किडा निघाला तर मला त्याला सांभाळत बसावं लागंल."

"म्हंजे भोक पायजे, पण किडा नको."

"बरोबर."

"किडा भोक पाडून निघून गेलेला असंल तर?"

शेठनी विचार केला. "गेलेला चालंल. पण आपणहून गेला पायजे."

आकारामनं मान हलवली, आणि त्या मान हलवण्यातच मला कळलं की ह्याला काही कळलेलं नाही.

महिनाभरानं त्यानं टेबल केलं. जुन्या मोटेच्या चौकटीचं साठ वर्षांचं सागवान, ऊन खाऊन, पाणी पिऊन काळं झालेलं. टेबल झालं तेव्हा असं लखलखत होतं, की मी त्यात बघून दाढी केली. शेठ आले, हात फिरवला, आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, वर सनमायका लावलाय का?"

आकाराम चार दिवस जेवला नाही. ते टेबल आता माझ्या घरी आहे. त्याच्या ह्या टोकाला चहाचा कप ठेवला, की तो त्या टोकाला बसलेल्या पाहुण्याकडं आपल्या आपण जातो. पाहुण्यानं वेळेवर धरायचा, एवढंच.

पण गोष्ट टेबलाची नाही. गोष्ट शेडची आहे.

आकारामचा मुलगा दिग्विजय कडेगावात दुसऱ्याच्या दुकानात फ्लेक्स छापायला जायचा. पोरगा वाईट नव्हता, फक्त हिशोबी होता. गावात वर्षाला जितके वाढदिवस येतात तितकी बाकडी कुणाला लागत नाहीत, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. रस्त्याकडेची शेड त्याला स्वतःच्या दुकानाला पाहिजे होती. शेठनी टेबल नाकारलं त्या दिवशी त्यानं विषय काढला. रंगुबाई, म्हणजे आकारामची बायको, चुलीपाशी होती आणि मी नेहमीप्रमाणे पायरीवर.

"आण्णा, आता पुरं करा. शेठला बी पटलं न्हाई."

"पुन्यांदा करतो."

"कवा?"

"झालं म्हंजे सांगतो."

"असं न्हाई. शिमगा घ्या. शिमग्याला दिस मावळायच्या आत तुमचं लाकूड शेठच्या टेम्पोत चढलं, तर शेड तुमची. मी जन्मात नाव काढणार न्हाई. न्हाई चढलं, तर पाडव्याला मशीन आणतो आन् तुमी घरात आरामात टीव्ही बघा."

आता आकारामला टीव्ही बघता येत नाही. समोर बसवला तर तो टीव्हीच्या खालच्या स्टँडचा सांधा बघत बसतो, आणि तासाभरानं उठून स्क्रू काढायला लागतो. शेड गेली असती तर ह्या माणसानं घरातली दारं काढली असती, कपाटं काढली असती, आणि शेवटी रंगुबाईच्या पोळपाटावर आला असता. हे रंगुबाईलाही दिसत होतं. तरी आकाराम म्हणाला, "ठरलं." माझ्याकडं बोट करून म्हणाला, "नाना साक्षीला." साक्षीदार म्हणून गावात मला कुणी घेत नाही, पण त्यावेळी दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईनं रंधा उचलला आणि ज्वारीच्या कणगीत, तळाला पुरला.

"आवं, हात शिवशिवला तर हे घ्या," म्हणून तिनं त्याच्या हातात जुनं लाटणं दिलं. आकाराम दिवसभर बाकड्याचं काम करायचा, आणि भोक बुजवायची उबळ आली की काचेच्या तुकड्यानं लाटणं तासायचा. फाल्गुन लागेपर्यंत ते लाटणं पेन्सिलीएवढं झालं. त्यांच्या घरात त्या महिन्यात चपात्या रुपयाएवढ्या होत होत्या, आणि मी एकटाच एका बैठकीला ऐंशी खायचो.

बाकड्याला लाकूड दिलं ते मी. आमच्या वडिलांची बैलगाडी गोठ्यामागं बावीस वर्षं पडून होती. तिचा साटा, म्हणजे माणसं आणि पोती बसायचा तळ, बाभळीच्या फळ्यांचा. बाभूळ अशी निबर, की करवत लावली तर भुसा लाकडाचा न पडता करवतीचा पडायचा. आकारामनं साट्याच्या फळ्या बसायला घेतल्या, जुवाचे तुकडे करून पाय केले, आणि पाठीला तिफणीची दांडी लावली. खिळा एकही मारला नाही, सगळं सांध्यात बसवलं. फळ्यांना मात्र जुन्या खिळ्यांची भोकं होती, चिरा होत्या, एका कडेला बैलानं शिंग घासल्याची खाच होती. आकाराम त्यांच्याकडं बघायचा आणि सुस्कारे सोडायचा.

सगळ्यात वाईट भोक समोरच्या फळीला, कडेपासून चार बोटांवर. अंगठा जाईल एवढं. त्याला एक खुंटी बसली असती, मग कुणाला कळलंही नसतं.

"नाना, एवढं एक बुजवतो."

"शेठ काय म्हणाला?"

"एकानं काय व्हतंय?"

"मागल्या बारीला पन्नास बुजवलीस तवा बी पैल्यांदा एकच हुतं."

त्यानं ऐकलं. पण खुंटी त्यानं कोरून ठेवलीच होती. ती खिशात टाकून हिंडायचा, आणि मधूनमधून खिशात हात घालून कुरवाळायचा.

शिमग्याच्या दिवशी बाकडं तयार. शेडबाहेर लिंबाखाली ठेवलं, कारण शेठ दुपारनंतर टेम्पो घेऊन येणार होते. त्यांना घाई होती. जैन माणूस, दिवस मावळल्यावर जेवत नाही, त्यामुळे वेळेत सांगली गाठायची. आकाराम अंघोळीला गेला. रंगुबाई पुरण वाटत होती. दिग्विजयनं सकाळीच कडेगावाहून आपल्या दुकानाचा बोर्ड आणून शेडला टेकवून ठेवला होता. दहा फुटी नवी कोरी लाकडी चौकट, त्यावर ताणलेला फ्लेक्स, 'दिग्विजय डिजिटल', आणि खाली त्याचा स्वतःचाच गॉगलातला फोटो. बापाच्या डोळ्यांसमोर असावा म्हणून आणला होता. बाकडं राखायला मी.

मी राखतच होतो. फक्त डोळे मिटले होते.

आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष तानाजी. वय अडतीस. शिमग्याला मंडळाची पोरं ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन गावभर लाकूड गोळा करत फिरतात. ती ट्रॉली लिंबाखाली थांबली. आता इथं बाकड्याचा एक गुण सांगायला पाहिजे. त्याला रंधा लागला नव्हता, त्यामुळं त्यावर माश्या बसत होत्या. आकारामच्या शेडच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं होतं, आणि पंचक्रोशीतल्या माश्या बघायला आल्या होत्या. त्यातली एक उठून माझ्या नाकावर बसली. त्याच वेळी तानाजी म्हणाला, "नाना, हे सरपान न्यायचं का?" मी माशीला हात केला. तानाजीला वाटलं, न्या.

जाग आली तेव्हा आकाराम समोर उभा होता, ओला, कपाळाला गंध. त्याच्या मागं टेम्पो आणि टेम्पोतनं उतरणारे जिनपालशेठ.

"नाना, बाकडं कुठाय?"

मी लिंबाकडं बघितलं. लिंब होता.

"हितंच हुतं," मी म्हणालो. "मी बघतच हुतो."

लांबून ढोल ऐकू आला. आकारामनं ढोलाच्या दिशेनं मान वळवली, आणि मग ओल्या धोतरावरच पळत सुटला. मागनं शेठ, मागनं मी, आणि बोर्डाच्या सावलीत बसलेला दिग्विजय. तो पळत नव्हता, पण चालणंही त्याचं साधं नव्हतं.

देवळापुढच्या पटांगणात होळी रचून झाली होती. मधे एरंडाची फांदी आणि ऊस, भोवती शेणी, पाचट, लाकडं, कमरेएवढा सपाट ढीग. आणि त्या ढिगावर, एरंडाला टेकून, चारी पायांवर उभं आमचं बाकडं. दिवस दोन कासरे वर होता.

"तानाजी, खाली घे ते," आकाराम म्हणाला.

"काय?"

"बाकडं."

तानाजीनं ढिगाकडं बघितलं. "कंचं बाकडं, तात्या?"

"ते काय वर."

"ते व्हय? ते सरपान हाय."

"आरं, ते मी केलंय. दोन महिनं खपतोय."

पोरं हसायला लागली. तानाजीला खरंच वाईट वाटलं. "तात्या, तुमी केल्याली वस्तू गाव वळखत न्हाई व्हय? तुमच्या फळीवर माशी बसत न्हाई. ह्याच्यावर बघा, शाळा भरलीया." मग तो जमलेल्या माणसांकडं वळला. "काय रं, हे काय हाय?"

चाळीस माणसं एका सुरात म्हणाली, "सरपान."

माझ्या शेजारी जिनपालशेठ उभे होते. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं होळी आधीच पेटली. त्यांनी मोबाईल काढला, चालू केला, आणि तानाजीपुढं धरून म्हणाले, "अध्यक्ष, जरा परत विचारा की. सगळ्यांचं आवाज यायला पायजेत."

आता आकारामची अवस्था बघा. होळीवर चढलेलं लाकूड मालकानं उतरवायचं नाही, ही गावाची रीत. उतरवलं तर वर्षभर त्याच्या दारात बोंब. बाकडं वाचवायचं तर ते सरपण नाही, उत्तम बाकडं आहे हे गावाला पटवायला पाहिजे. आणि ते पटलं, तर इथंच उभा असलेला गिऱ्हाईक म्हणणार, उत्तम असेल तर मला नको.

"ह्याचा सांधा बघा," आकारामनं सुरुवात केली. "एक खिळा न्हाई. बाभूळ हाय, शंभर वरसं..."

शेठनी त्याची बाही ओढली. "मिस्त्री, लय चांगलं सांगू नका."

"शेठ, जळंल ते."

"जळू तर द्यायचं न्हाई. पण थोडं वाईट बोलून वाचवा की."

आकारामनं प्रयत्न केला. "तसं ते... बरं न्हाई," म्हणाला, आणि पुढं त्याच्या तोंडातनं शब्द फुटेना. चाळीस वर्षांत त्यानं स्वतःच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, सवय नाही.

"आण्णा," मागनं दिग्विजय म्हणाला, "चढल्यालं उतरत न्हाई. रीत हाय." बोलला बापाशी, पण बघत होता स्वतःच्या चपलांकडं.

दिवस कासराभरावर आला. बाया नैवेद्याची ताटं घेऊन यायला लागल्या. तानाजीनं काडेपेटी काढली.

"थांब रं," कुणीतरी म्हणालं. "हरणाबाईला इचार."

आमच्याकडं होळीचा निवाडा हरणाबाई करते. वय नव्वदाला सहा कमी. तिचं म्हणणं एकच असतं: ज्यावर माणूस निजतं, बसतं, जेवतं, ते होळीला घालायचं नाही. हा नियम तिच्या सासूनं घातला, कारण एका शिमग्याला पोरांनी कुणाचा तरी पाळणा उचलून आणला आणि आत लालासाहेब झोपलेला होता. वेळेवर शिंकला म्हणून वाचला. तो लालासाहेब आता मलकापुरात पेट्रोल पंपावर आहे, आणि त्या पंपावर काडी ओढणाऱ्याला वीस फुटांवरनं वास येऊन धरतो.

हरणाबाईनं ताट रंगुबाईच्या हातात दिलं आणि काठी टेकत ढिगापाशी आली. "काय भानगड?"

"आजी, तात्या म्हणत्यात हे बाकडं हाय."

"आन् तू?"

"सरपान."

"त्येच्यावर बसलं हाय का कुणी?"

आकारामनं ते पूर्ण केलं आदल्या रात्री. कुणी बसलं नव्हतं. मीसुद्धा शेजारी खाटेवर पडून राखत होतो, नवं आहे म्हणून.

"न्हाई बसलं कोण," आकाराम म्हणाला. तो खोटं बोलू शकत नाही, हा त्याच्यातला मोठा दोष. मला विचारलं असतं तर मी साक्षात कलेक्टरला त्यावर बसवला असता.

"मग कसं म्हणायचं बाकडं?" म्हणत म्हातारी ढिगावर चढायला लागली. तानाजी हात द्यायला धावला, तर तिनं काठी उगारली. शेणीचा ढीग चढणं तिला नवीन नव्हतं. जन्मभर तिनं तेच केलं होतं. वर गेली, बाकड्याकडं नाक मुरडून बघितलं, लुगडं सावरलं, आणि बसली.

बसली ती बसलीच.

पहिल्यांदा तिनं पाठ टेकली. मग दोन्ही हात बाजूला ठेवले. मग डोळे बारीक केले. पटांगणात सगळे वर बघत होते. होळीच्या मधोमध, उसाच्या आणि एरंडाच्या सावलीत, हरणाबाई अशी बसली होती की जणू होळी पेटवायची नसून तिची मिरवणूक काढायची होती.

"आजी," तानाजी म्हणाला, "काय ठरलं?"

"दम धर."

"दिस चाललाय."

"जाऊ दे की. मी कुठं चाललीय?"

तिचा उजवा हात फळीच्या कडेवरनं सरकत होता. कडेपासून चार बोटांवर थांबला. तिनं भोकात बोट घातलं आणि एकदम सरळ झाली.

"नाना, ही तुमची गाडी काय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"तुझ्या बाऽची? ज्या गाडीतनं मी ह्या गावाला नांदायला आले ती?"

"तीच."

"तरीच म्हणलं," म्हातारी म्हणाली. "आवं, ह्या भोकात माझं जोडवं अडकलं हुतं. येशीपाशी गाडी थांबली, समदी उतरली, आन् मी उतरंना. सासूला वाटलं नवरी रुसली. त्यांनी आधी लुगडं कबूल केलं, मग पाटल्या कबूल केल्या. मी आपली पाय वढतीया. सांगणार कुणाला? शेवटी नानाच्या बाऽनं बघितलं आन् त्याल वतलं." ती थांबली. "पाटल्या मातर मी घेतल्या."

मग तिनं केसातला आकडा काढला आणि भोकात कुरतडायला लागली. आता मी थापा मारतो असं गावात बोलतात, म्हणून इथं झालं तेवढंच सांगतो. जोडवं निघालं नाही. ते त्याच दिवशी तेल लावून निघालं होतं. निघाला एक शेंगदाणा. वऱ्हाडातला. हरणाबाईनं तो पदराला पुसला आणि तोंडात टाकला.

"खवाट झालाय का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बाभळीत राहतंय चांगलं."

मी आकारामकडं बघितलं. त्याचा हात खिशात होता, त्या खुंटीवर, आणि चेहरा असा, की एखाद्याला कळावं की आपण काल ज्या झाडाखाली झोपणार होतो त्यावर वीज पडली.

"तर काय," हरणाबाईनं वरूनच निवाडा दिला, "ह्या फळीवर माणूस बसल्यालं हाय. मीच बसलेय. समद्या गावापुढं बसलेय, उतरता येत न्हवतं तोवर बसलेय. हे सरपान न्हवं. घ्या खाली."

"पर दिसतंय सरपानावानी," तानाजी हट्टानं म्हणाला.

"मी बी आता सरपानावानीच दिसते," म्हातारी म्हणाली. "मला बी पेटवतो का?"

जिनपालशेठनी तेही मोबाईलमध्ये घेतलं.

पोरांनी आधी म्हातारीला उतरवलं, म्हणजे बाकड्यासकट उतरवलं, कारण ती उठायला तयार नव्हती. पण एक अडचण राहिली. होळीच्या मधोमध बाकड्याएवढा खड्डा पडला. होळीचं काढलं तर तेवढंच लाकूड परत द्यायचं, हीसुद्धा रीतच. आणि दिवस हातभर राहिलेला.

हरणाबाई बाकड्यावर बसल्या बसल्या रस्त्याकडं बघत होती. तिथनं शेड दिसते. "ते काय उभं हाय, लांबुळकं?"

"तो माझा बोर्ड हाय, आजी," दिग्विजय म्हणाला.

"लाकडाचा हाय का?"

"चौकट लाकडाची. पर दुकानाचा हाय तो."

"कंच्या दुकानाचा?"

"व्हणार हाय. पाडव्याला."

"त्येच्यावर कोण निजतं?"

"न्हाई."

"बसतं?"

"बोर्डावर कसं बसंल कोण, आजी?"

"जेवतं?"

हुशार पोरगा. चौथा प्रश्न यायच्या आधीच त्याला कळलं. त्यानं टेम्पोकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. आकारामनं नुसतं विचारलं, "पक्कड देऊ का?"

"द्या," पोरगा म्हणाला.

चौकट काढताना दिग्विजयनं एक एक पिन स्वतः उपटली. फ्लेक्स वेगळा केला, घडी घातली. आकाराम शेजारी उभा राहून चौकटीचे कोपरे बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. "कुणी केलीया ही? सांधाच न्हाई, नुसतं खिळं मारल्यात. तुझ्या डोक्यावर पडली असती."

"मग तुमी का न्हाई करून दिली?"

"तू कवा मागितलीस?"

चौकट होळीकडं नेताना एक टोक पोरानं धरलं आणि एक बापानं.

इकडं शेठची वेगळी धांदल. सांगली गाठून दिवसाउजेडी जेवण होणं शक्य नव्हतं. रंगुबाईनं ते ओळखलं. म्हातारी नैवेद्याला उठली तसं टेम्पो पटांगणात आणून बाकडं त्यात चढवलं, शेठ त्यावरच बसले, आणि तिनं वर पोळीचं ताट दिलं. कटाच्या आमटीत कांदालसूण म्हणून ती परत केली, दूध घेतलं. घास घेता घेता शेठ म्हणाले, "मिस्त्री, बसायला लय झकास झालंय." मग दचकून फळी बघितली, भोकं बघितली, आणि जीव भांड्यात पडला. शेवटचा घास तोंडात गेला, ताट खाली आलं, आणि सूर्य उसात उतरला. तानाजीनं काडी ओढली.

शर्तीत दिवस मावळायच्या आत टेम्पोत चढायचं ठरलं होतं, आणि ते चढलं होतं. शेजारी बोंबा सुरू झाल्या होत्या, पण दिग्विजय टेम्पोत उभा राहून फ्लेक्सची घडी उलगडत होता. धूळ लागू नये म्हणून त्यानं तो बाकड्यावर पांघरला आणि चारी बाजूंनी खोचला. दोर आकारामनं आवळला. मागच्या पायाशी तो बराच वेळ वाकून होता; मला वाटलं गाठ बसत नसेल. मग टेम्पो निघाला, कडेगाव, विटा, तासगाव करत सांगलीला, आणि सबंध वाटेत 'दिग्विजय डिजिटल' आणि गॉगलातला पोरगा लोकांना दिसत गेला. त्या एका फेरीत त्याला तीन वाढदिवस आणि एक दहावा मिळाला. शेड मात्र बापाचीच राहिली. पोरगा मशीन कडेगावात भाड्याच्या गाळ्यात लावून बसलाय, आणि त्या गाळ्याच्या बोर्डाची चौकट आकारामनं केली आहे. चौकट अशी गुळगुळीत, की वाढदिवसाची माणसं फ्लेक्सवरनं घसरून खाली येतात म्हणे. मी अजून बघायला गेलो नाही.

हरणाबाईनंही बाकडं मागितलं. "पर असल्या फुटक्या लाकडाचं नको हं," म्हणाली, "चांगलं नवं कर."

रंगपंचमीनंतर शेठच्या बायकोचा, शालनताईंचा फोन आला. आकारामनं स्पीकर लावला, कारण पायरीवरून मला ऐकू येत नव्हतं.

"मिस्त्री, पाहुण्यांना लय आवडलंय. भोकं मोजत बसत्यात. आणखी सहा पायजेत. पर एक इचारायचं हुतं. मागच्या उजव्या पायाला, आतल्या अंगानं, एक भोक बुजवल्यालं दिसतंय. खुंटी बसवल्यागत."

आकारामनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी लिंबाकडं बघितलं.

"खुंटी कशाची, ताई," तो म्हणाला. "किडा आपणहून गेला न्हवं का. जाताना दार लावून गेला असंल."

फोन ठेवला तेव्हा मी त्याच्याकडं बघतच राहिलो. चाळीस वर्षं पायरीवर बसलो, ती वाया गेली नाहीत.